काट्याची सात घरं

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. गेली सोळा वर्षं माझं काम एकच, चुका शोधणं. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग येतो, आमच्याकडे त्यावर मशीनिंग होतं आणि पॅकिंगच्या आधी शेवटचा थांबा माझं टेबल. बोअर, म्हणजे आत कोरलेलं भोक, ड्रॉइंगप्रमाणे आहे का, कुठे ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, उघडा पडलाय का, कडेला बर, म्हणजे धातूचा कंगोरा, राहिलाय का. मायक्रोमीटर, गेज सगळं हाताशी असतं, पण एवढ्या वर्षांनी मापाच्या आधी बोटालाच कळतं. जॉब उजेडात जरा तिरका धरला की भोकाची सावली दिसते. ही नजर संध्याकाळी गेटवर ठेवून घरी जाता येत नाही. लग्नाच्या मांडवात मला आधी कललेला खांब दिसतो, मग नवरी.

आणि मला नाद आहे नकली घड्याळांचा. नऊ आहेत माझ्याकडे. सगळी पुरुषी, मोठ्या तबकडीची, प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या स्विस कंपनीचं नाव, आणि एकही त्या कंपनीने बनवलेलं नाही. घेताना मला ते माहीत होतं. मीही कधी कुणाला ती खरी म्हणून दाखवली नाहीत.

पहिलं आलं २०१२ साली. मामेभाऊ दुबईहून सुट्टीला आला होता, त्याने भाच्यासाठी म्हणून आणलं आणि मनगटाला फार मोठं होतंय म्हणून माझ्याकडे दिलं. रोलेक्स सबमरीनरची नक्कल. काळी तबकडी, तासाच्या जागी पांढरे ठिपके, कडेला फिरणारी रिंग. तोपर्यंत मी पट्ट्याचं बारीक बायकी घड्याळ वापरलेलं. हे हातात घेतल्यावर आधी वजन जाणवलं. मग रिंग फिरवली, आणि ती टक् टक् करत अडत अडत फिरली. मी यंत्रावर काम करणारी बाई. नीट अडणारी गोष्ट मला आवडतेच. त्या महिन्यात मी जेवताना, बसमध्ये, रात्री झोपण्याआधी ती रिंग फिरवत असे. घड्याळात काही चूक आहे असं मला एकदाही वाटलं नाही. माझ्यासारखीला वाटलं नाही, याचं आता नवल वाटतं. चूक दिसायला शेजारी बरोबर काय ते असावं लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

मग कुतूहल म्हणून मूळ घड्याळाची माहिती वाचायला लागले. सबमरीनर १९५३ सालचं, पाणबुड्यांसाठी काढलेलं. ती रिंग नुसती शोभेची नसते. पाण्यात उतरताना तिच्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. म्हणूनच ती एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला तर वेळ जास्त झाल्यासारखी दिसेल, कमी झाल्यासारखी कधीच नाही, आणि माणूस लवकर वर येईल. हे वाचून मी पुन्हा घड्याळ हातात घेतलं, रिंग फिरवली, आणि पहिल्यांदा ठिपक्याकडे नीट पाहिलं. तो बाराच्या खुणेवर नव्हता. किंचित उजवीकडे. अर्धा मिलिमीटरही नसेल.

दुसऱ्या दिवशी तारीख दिसली. मूळ घड्याळात तारखेवर एक भिंग असतं, अडीच पट मोठं करून दाखवणारं, त्यामुळे आकडा खिडकी भरून टाकतो. माझ्या घड्याळातला आकडा खिडकीच्या मधोमध बारकासा बसलेला. भिंग होतं, पण काम करत नव्हतं. मग सेकंदकाटा. मूळ यंत्र तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, आणि काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. माझ्यातलं यंत्र २१,६०० चं, सेकंदाला सहा. ही दोन ठोक्यांची तफावत एकदा डोळ्याने पकडली की सुटत नाही. काटा चालत नाही, अडखळतो असंच दिसायला लागतं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. किती वाजले बघायला मनगट वळवायचे, नजर ठिपक्यावर जायची, तिथून तारखेवर, आणि हात खाली यायचा. वेळ बघायची राहून जायची. महिनाभर ज्याने आनंद दिला ते घड्याळ तेच होतं, त्यात काहीही बदललं नव्हतं.

तेव्हाच ते कपाटात टाकलं असतं तर हा नाद लागलाच नसता. पण मी दुसरं घेतलं, आणि ते चुका बघायलाच घेतलं. मग तिसरं. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची नक्कल घेतली, तिला तारखेची खिडकी आहे. मूळ घड्याळाला ती नाहीच, ते हाताने चावी द्यायचं स्टॉपवॉचवालं घड्याळ आहे. एकाच्या काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग हिरवा आणि ठिपक्यांवरचा निळसर. एकाच्या काचेखालच्या आतल्या कड्यावर कोरलेली अक्षरं तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. प्रत्येक खोटीमागे काहीतरी कारण सापडायचं, कुठे स्वस्तातलं यंत्र बसवल्यामुळे, कुठे छपाईचा साचा झिजल्यामुळे, कुठे जोडणाऱ्याला दिवसात तेवढी पूर्ण करायची असतील म्हणून. आणि प्रत्येक कारण शोधताना मूळ घड्याळ थोडं थोडं कळत गेलं.

फौंड्रीत साचा असतो ना, तसं झालं. साचा म्हणजे वाळूत राखलेली पोकळी. जिथे वस्तू नाही त्या जागेवरून वस्तूचा आकार ठरतो. मी आजवर एकही खरं सबमरीनर हातात घेतलेलं नाही, पण नकलांमध्ये जे जे नाही ते एकत्र केलं की मला ते जवळजवळ दिसतं. तो आनंद पहिल्या महिन्यातल्या आनंदापेक्षा वेगळा होता, पण कमी नव्हता. नजर कामावर जे करते तेच इथे करत होती, फक्त कुणाचा माल रिजेक्ट होत नव्हता. मला वाटलं, ज्ञानाने काही बिघडत नाही, थोडा धीर धरावा लागतो एवढंच.

हे फक्त स्वतःपुरतं खरं होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच नोकरीत कायम झाला होता. २०१६ चा उन्हाळा. मुंबईला कामाला गेला होता, येताना त्याने स्वतःसाठी एक घड्याळ आणलं. रोलेक्स डेटोनासारखं दिसणारं, तबकडीवर तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं. नकली आहे हे त्याला माहीत होतं. पण त्याच्या मते ते 'चालणारं' होतं, म्हणजे स्टॉपवॉचसकट. संध्याकाळी आम्ही सगळे रंकाळ्यावर गेलो. भेळ खाऊन झाल्यावर माझ्या मुलाला तो म्हणाला, त्या दिव्याच्या खांबापर्यंत पळून ये, मी वेळ लावतो. पोरगं पळालं. भावाने बटण दाबलं.

मी बघत होते. मोठा सेकंदकाटा पळतच होता, तो थांबला नाही आणि शून्यावरही आला नाही. छोट्या तबकडीतला काटा मात्र एक घर पुढे सरकला. एकच.

मला ते लगेच कळलं. स्वस्त नकलांमध्ये आत स्टॉपवॉचचं यंत्र नसतंच. साधं यंत्र असतं, त्याला वार, तारीख आणि चोवीस तास दाखवणारे काटे जोडलेले असतात, आणि बटणं असतात ती वार-तारीख पुढे ढकलायला. तबकडीवर मिनिटांचे आकडे छापलेले, पण काटा रात्री बाराच्या सुमाराला एक घर चालतो आणि सात घरं झाली की परत वर येतो. खऱ्या डेटोनात सहाच्या जागेवरचा छोटा काटा सेकंद मोजतो, तीनच्या जागेवरचा मिनिटं, नवाच्या जागेवरचा तास. ते यंत्र बनवायला अवघड आहे, म्हणून तर त्याची किंमत.

पोरगं धापा टाकत परत आलं. "मामा, किती?" भाऊ घड्याळाकडे बघत होता, बटण पुन्हा दाबत होता. आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. काटा वाराचा आहे, बटण वार बदलायचं आहे, आत स्टॉपवॉच नाहीच. कुठला काटा कुठे असायला हवा तेही सांगितलं. माझ्या आवाजात आनंद होता, हे मला नीट आठवतं. एखादा अवघड ब्लो होल सापडला की मी फोरमनला हाक मारते तसा.

तो म्हणाला, "असू दे की ताई. दिसायला तर भारी आहे." मग त्याने बाही खाली घेतली. परत येताना स्कूटरवर माझ्या पुढे त्याचा हात हँडलवर होता आणि बाही मनगटापर्यंत ओढलेलीच होती. ते घड्याळ नंतर त्याच्या हातावर मी पाहिलं नाही. आईच्या कपाटात गेलं, लग्नपत्रिका आणि जुन्या पासबुकांच्या खाली.

मी या गोष्टीवर खूप विचार केला आहे. मला जी गोष्ट कळायला महिने लागले, जिच्याशी जमवून घ्यायला आणखी महिने लागले, ती मी त्याला दोन मिनिटांत दिली, आणि त्याने मागितली नव्हती. सांगितलेलं परत घेता येत नाही. आमच्याकडे रिजेक्ट जॉबवर लाल ऑइलपेंट लावतात. तो पुसला तरी डाग राहतो.

माझे पहिले फोरमन निवृत्त झाले तेव्हा मी नवी होते. ते सांगायचे, ड्रॉइंगवर नसलेली चूक काढायची नाही. नव्या पोरी फार बारकाईने बघतात, जिथे रंग लागणार आहे तिथला ओरखडाही दाखवतात, आणि काम अडतं. प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो. पंचवीस मिलिमीटरचा बोअर बरोबर पंचवीस कधीच येत नाही. तो वर-खाली किती चालेल ते ड्रॉइंग सांगतं, आणि त्या आत आला तर तो चांगला, संपला विषय. चुका तीन प्रकारच्या लिहायच्या. क्रिटिकल, म्हणजे माणसाला इजा होईल. मेजर, म्हणजे पार्ट काम करणार नाही. मायनर, म्हणजे दिसायला बरं नाही. हे मी कामावर रोज वापरत होते आणि घड्याळांच्या बाबतीत विसरले होते. दहापट मोठ्या केलेल्या फोटोवरून मी ठिपके मोजत होते. मनगट डोळ्यापासून हातभर लांब असतं. टॉलरन्स तिथून ठरायला हवा.

मग मी नऊच्या नऊ घड्याळं टेबलावर मांडली आणि वहीत लिहून काढली. ठिपका उजवीकडे, मायनर. अक्षरं जुळत नाहीत, मायनर. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, मेजर. वही भरल्यावर इतकं हलकं वाटलं की ज्या चुकांनी महिने खाल्ले त्यातल्या बहुतेक एका रकान्यात जाऊन बसल्या. क्रिटिकलचा रकाना मी रिकामा ठेवला. घड्याळाने कुणाला काय होणार!

तो रकाना २०१९ च्या ऑगस्टमध्ये भरला. त्या पुरात राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी त्रेचाळीस. शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ माझं माहेर, खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी. पाणी उतरल्यावर आम्ही चार दिवस गाळ काढत होतो. हातात सबमरीनरची नक्कल होती, मुद्दाम घातलेली, कारण तबकडीवर लिहिलेलं, ३०० मीटर, १००० फूट. बादलीत हात घालून मी पुसणी पिळत होते. संध्याकाळी काचेखाली धुकं आलं. आठवड्याने तासकाटा गंजला.

तबकडीवर तीनशे मीटर लिहिलेलं आणि घड्याळ बादलीत बुडालं. एखाद्याने ते वाचून खरोखर खोल पाण्यात उडी मारली, वेळ त्याच्या भरवशावर ठेवली, तर? ठिपका सरकणं आणि हे, दोन्हीला मी इतके दिवस एकच शब्द वापरत होते.

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं घड्याळही त्या पुरात होतं, पण वरच्या मजल्यावर. एचएमटी जनता, सतरा ज्वेलचं, हाताने चावी द्यायचं. आण्णा शाहू मिलमध्ये होते. रोज भोंगा झाला की मनगट वर करायचे आणि काटा दीड मिनिट मागे घ्यायचे, कारण ते घड्याळ दिवसाला दीड मिनिट पुढे जायचं. मिल २००३ मध्ये बंद पडली, मग ते आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांवर लावायला लागले. आम्ही विचारलं की म्हणायचे, "दीड मिनिट पुढं असतंय, तेवढं वजा कर." ते गेल्यावर मी घड्याळ साफ करायला दिलं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी विचारलं, वेग जरा कमी करून देऊ का? मी नको म्हणाले.

दिवसाला दीड मिनिट हे माझ्या वहीत मेजर आहे. तरी ते मला टोचत नाही. खोट आणि खोड यात एका अक्षराचं अंतर आहे, आणि ते अंतर मला या दोन घड्याळांत कळलं. जनताच्या पाठीमागे दुसरं कुणी उभं नाही. ते कुणासारखं तरी असल्याचं सांगत नाही, म्हणून त्याचं जे काही चुकतं ते त्याचं स्वतःचं असतं. नकलेचं तसं नाही. तिचा ठिपका सरकला तरी तो दुसऱ्याच्या ठिपक्यापासून सरकलेला असतो.

आणि गंमत बघा, एचएमटीचं यंत्रही मुळात दुसऱ्याचंच. १९६१ साली बंगळूरला कारखाना निघाला तो जपानच्या सिटिझनकडून तंत्र शिकून. नक्कल करण्याची लाज आम्हा कोल्हापूरकरांना तर मुळीच नाही. उद्यमनगरात मोडका पार्ट घेऊन जा, संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा मिळतो. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री मंडळींनी परदेशी यंत्रं डोळ्याखाली घालून सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूराव पेंटरांनी दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ मध्ये तो इथेच बनवला. एचएमटीने स्वतःचं नाव घातलं, पेंटरांनी त्या कॅमेऱ्यातून स्वतःचे चित्रपट काढले. नाव दुसऱ्याचं घातलं की मग नक्कल करणाऱ्याचे कष्टही त्याचे राहत नाहीत. माझ्या नऊ घड्याळांपैकी काही फार कसबाने जोडलेली आहेत. चीनमधल्या कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी माझ्यासारखंच डोळ्याला भिंग लावून ती जोडली असणार, आणि त्या माणसाचं नाव असायची जागा तबकडीवर नाही. आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा अशी घड्याळं विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. मला ते बरोबर वाटतं.

हे मला इतकं स्पष्ट वाटायला लागलं ते २०२५ च्या जूनमध्ये. मिलानच्या एका फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात आपली चप्पल दिसली आणि कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. नंतर बोंब झाल्यावर त्यांनी मान्य केलं. आमच्या शेजारच्या गल्लीतलं कुटुंब तीन पिढ्या चपला बांधतं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या घरातल्या आजोबांनी मोबाइलवर तो फोटो मोठा करून करून पाहिला. सगळ्यात आधी त्यांनी काय केलं? शिवण तपासली. वादी कशी ओढली आहे, वेणी कुठे बसवली आहे. अगदी मी ठिपके तपासते तशी. चुका सापडल्या तसा त्यांचा चेहरा उजळला नाही. ते एवढंच म्हणाले, "आमचं नाव घ्यायला काय झालं होतं यांना?"

त्यानंतर मी नवीन नक्कल घेतलेली नाही. आहेत ती नऊ ठेवली, पुरातलं गंजलेलंसुद्धा. आणि आईच्या कपाटातून दहावं काढलं.

भावाला विचारून काढलं. फोनवर म्हणाला, "घे की, पडूनच आहे." मी ते साफ करून घेतलं, चालायला लागलं. मग पहिल्यांदाच त्याच्या छोट्या तबकड्यांकडे डेटोना मनात न आणता पाहिलं. वाराचा काटा खरंच वार दाखवतो. तबकडीवर छापलेले मिनिटांचे आकडे निरर्थक आहेत, पण काटा इमानदार आहे. मी बटणाने तो रविवारी वरच्या टोकावर आणला. तेव्हापासून एक घर सोमवार, दोन घरं मंगळवार. पुढचे काही महिने कामावर मी तेच घालत होते. सेकंड शिफ्टच्या गडबडीत वार विसरायला व्हायचा, तेव्हा उपयोगी पडायचं.

गेल्या भाऊबिजेला तो आला. ओवाळताना तबक धरलेल्या हातावर त्याला ते दिसलं. काही बोलला नाही. जेवण झाल्यावर मात्र त्याने माझा हात ओढून जवळ घेतला.

"हे तेच?"

"तेच. वर रविवार आहे. मोज."

त्याने नखाने काचेवर एक एक घर मोजलं. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. २३ ऑक्टोबर, गुरुवार.

"बरोबर आहे की गं!"

मी पट्टा उघडून ते त्याच्या हातात दिलं. त्याने मनगटावर चढवलं, दोन वेळा हात वळवून पाहिलं. रंकाळ्यावरच्या त्या संध्याकाळबद्दल मला त्याच्याशी बोलायचं होतं, इतकी वर्षं बोलायचं होतं. पण माझा मुलगा, आता मामापेक्षा उंच झालेला, मध्येच काहीतरी विचारायला आला आणि ते राहिलं. निघताना घड्याळ त्याच्या हातावरच होतं. त्याने काढून दिलं नाही, मी मागितलं नाही.

रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. त्याने फोटो पाठवला होता, दिव्याखाली धरलेलं मनगट, जरा हललेला. खाली एवढंच लिहिलेलं:

"सरकला."